बिऱ्हाड

गोथेनबर्गला साडेतीनलाच अंधारतं.
राग्नहिल्ड दिवा लावत नाही.

तिची भाषा सोवळ्यातली:
ठेवलेलं नाव बदलत नाही,
मागितल्याशिवाय इकडची काडी तिकडे करत नाही.
ब्राउझर खरकट्या हाताचा.
दोघांत कंपायलर, सात महिने.

आज जमलं.
पानावर एक बटण,
दाबलं की आकडा वाढतो, एवढंच.
पण त्या बटणामागून अख्खं बिऱ्हाड आलं,
झाडूवाल्यासकट,
साडेचार एमबी.

किरुनात आईच्या जुन्या फोनवर
पांढरं.
अजून पांढरं.
"बाहेरही हेच आहे," आई म्हणते.

मग बटण.
आई दाबते: एक.
पुन्हा: दोन.
"आणि तो एक कुठे गेला गं?"

"आहे की तिथंच.
पुसला नाही कुणी.
झाडूवाला यायचाय अजून."