मुदतवाढ

टर्लॉकच्या चीज कारखान्यात मी तारखा छापते.
पट्ट्यावरून वड्या सरकत येतात
आणि माझं यंत्र प्रत्येकीच्या पाठीत ठोकतं :
अमुक दिवसापर्यंत बरी.

पहिला कागद एकवीस दिवसांचा होता.
ओठाला टाके होते, आणि नेलियाचा एक बूट
त्याच्या गाडीत राहिलेला.
ते एकवीस दिवस मी काढले
दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभं राहावं तसे.
मग सुनावणी. मग तीन वर्षं.
तीन वर्षं! वाटलं, तोवर मी म्हातारी होईन,
नाहीतर तो.
कुणीच झालं नाही.

शंभर यार्ड म्हणजे किती, ते मी चालून पाहिलं.
आमच्या दारापासून सौझाबाईंच्या लिंबापर्यंत.
पलीकडचं सगळं जग त्याचं.
कागदाची एक प्रत शाळेत, एक गाडीच्या खणात,
एक पाकिटात, चार घड्यांची.
घडी नेमकी त्याच्या नावावरून जाते,
मधली अक्षरं झिजून गेलीत.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या,
मुदत संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत या.
संपल्यावर आलात तर सगळं पहिल्यापासून.
पहिल्यापासून.
किती सहज म्हणाल्या.

आज न्यायाधीश विचारतात, मिस बेतेन्कूर,
या तीन वर्षांत काही घडलं?
मी खरं ते सांगते : नाही.
त्याचा वकील मान डोलावतो, हिशेब जुळल्यासारखी.
नाही घडलं, साहेब.
शीतगृहातली वडी नासली नाही
म्हणून कुणी शीतगृहाची वीज तोडतं का?

ते म्हणतात, नव्या माराची गरज नाही, कायद्यात तसंच आहे.
भीती मात्र वाजवी हवी.
वाजवी. भाजीच्या भावाला म्हणतात तसं.
मग मी भाव सांगते :
गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावते.
डिझेलचा आवाज आला की हातातलं खाली ठेवते.
नेलिया, आठ वर्षांची,
बसण्याआधी मागची सीट वाकून बघते.
हे तिला मी शिकवलं नाही.

पाच वर्षं, ते लिहितात. नेलिया तेरा.
इतकी लांबची तारीख आम्ही फक्त
सगळ्यात कडक चीजवर घालतो.

बेलिफ म्हणतो, दहा मिनिटं थांबा,
आधी त्यांना जाऊ दे.
खिडकीखालीच पार्किंग आहे.
त्याची गाडी मला आवाजावरून कळते.
अजून सुरू झालेली नाही.