माया

डॉक्टर ऊर्मिल बक्षींनी जांभळ्या पेनाने
माझ्या नाकावर खुणा केल्या
आणि आरसा हातात दिला.
मी आधी रेघ पाहिली.
सरळ होती, कुठे तुटली नव्हती.
तेवीस वर्षं रावपुऱ्यात ब्लाउज बेततेय,
माणूस मी खडूवरून ओळखते.

"इथून," त्या म्हणाल्या, "नाकपुडी गालाला भेटते
त्या घडीतून चंद्रकोर काढायची.
फुगवटा बसतो. व्रण घडीत झोपतो."
म्हणजे बगलेतला टक्स, मी म्हटलं.
त्या थांबल्या, मग हसल्या.

"किंवा आतून. उंबरठ्यावरची पाचर काढायची,
तोंडच लहान होतं, बाहेर काही दिसत नाही.
पण जास्त ओढलं तर खाच पडते,
आणि श्वास..."
श्वास कळला मला.
गळा लहान बेतला की
बाई डोकं घालतानाच गप्प होते.

"तिसरं, न कापता.
वरच्या ओठाच्या आतून एक दोरा
या कडेपासून त्या कडेला, ओढून गाठ."
चुणीचा दोरा. नको.
नवरात्राच्या तिसऱ्या रात्री सैल होतो तो,
घेर आपला आपल्या जागी परत.

दांडिया बाजारच्या शाळेत मला दुनळी म्हणायचे.
मावशी म्हणते, नाक कापलं म्हणून लोक तोंड लपवतात,
तू पावती घेऊन कापून घे.
मीही हसले तिच्याबरोबर.
हसले की ती आणखी पसरतात,
म्हणून कल्पलतेच्या लग्नापासून
फोटोत मी ओठ मिटून उभी.

नाक बाबांचं.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात ते
डबा न उघडता तेल ओळखायचे.
माझ्यासाठी काही बेतलं नव्हतं त्यांनी,
उरलेल्या कापडातून आलं, तसंच शिवलं गेलं.

मी विचारलं, माया किती ठेवता?

"माया एटले?" गुजराती बाई, गोंधळल्या. "मोह?"
सांगितलं: शिवणीच्या आत दाबलेलं कापड.
बाई भरली तर उसवून सोडता यावं म्हणून.
माझ्या प्रत्येक ब्लाउजात इंचभर असते,
बाळंतपण, थायरॉइड,
नवरा गेल्यावरचं खाणं,
सगळं मावलंय त्यात.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"मांसाला माया नाही.
म्हणून कमी काढायचं. लागलं तर पुन्हा कापता येतं,
जोडता येत नाही."
हेच मी शिकाऊ पोरींना रोज सांगते,
निम्म्या तरी कापून बसतात.

"डावी बाजू थोडी मोठी आहे तुमची."
ठाऊक आहे. दोन खांदे कुणाचेच सारखे नसतात.
गिऱ्हाइकाला मी सांगत नाही,
एका बाजूला पातळ पॅड घालते.

मग आम्ही दोघी आरशात वाकून
बराच वेळ बोललो.
घडीतून. डावीकडे दोन मिलिमीटर, उजवीकडे दीड.
उंबरठ्याला हात लावायचा नाही.
चमकीचं भोक गालाकडे किंचित सरकेल, म्हणाल्या.
सरकू दे. एवढं तर लोक खांदा उतरला तरी चालवून घेतात.
तारीख शरद पुनम झाल्यावर,
चणियाचोळीची गर्दी ओसरली की.

निघताना विचारलं, दोरा कुठला?
दाखवायला ठेवलेलं एक पाकीट त्यांनी फोडलं.
नायलॉन, काळा, केसाहून बारीक.
बोटांत धरून उजेडाकडे नेला,
सवयीने टोक ओलं करायला ओठांपर्यंत आणला
आणि पाहिलं, दुसऱ्या टोकाला सुई होती.

ओवलेलीच येते, त्या म्हणाल्या.

तेवीस वर्षांत
मला अशी कुणी दिली नव्हती.