दोन नंबरची खोली

देवबागेत आमच्या दोन नंबरच्या खोलीचा एसी
मेच्या सहा तारखेपासून बंद आहे.
पाहुण्यांना मी सांगते, गॅस संपलाय,
कुडाळहून माणूस येतोय, आज नाहीतर उद्या.

माणूस येऊन गेला.
इर्शाद मुजावर. बाहेरच्या मशीनचे
स्क्रू काढून त्याने पत्रा बाजूला केला
आणि पान्हा हातात तसाच धरून थांबला.
आत काथ्याचा गोळा,
त्यात फाटक्या जाळ्याचा निळा नायलॉन,
माझ्या पायपुसण्याच्या दशा,
कुणाच्या तरी पोहायच्या चड्डीची नाडी,
आणि मधोमध, सोललेल्या ओल्या काजूगरांसारखी
वाकडी, गुलाबी,
चार.

"वहिनी, पंखा फिरला असता तर..."
पुढचं तो बोलला नाही.
पत्रा लावला, एक स्क्रू मुद्दाम ढिला ठेवला.
पेट्रोलचे तरी घे म्हटलं,
तर एक शहाळं प्यायला आणि गेला.

हे संध्याकाळी आले, डॉल्फिन दाखवून,
अंगाला डिझेलचा वास,
आणि हिशेब मांडून बसले:
एसीची खोली अडीच हजार, बिनएसीची बाराशे,
रोजचे तेराशे खारीच्या नावावर.
"चानयेक सांग, भाडां दी म्हणान."
मग स्वतःच उठून
दोन नंबरच्या स्विचवर काळी टेप गुंडाळली,
तीन वेढे.

ती मात्र उपकार मानणारी नव्हे.
चादरी वाळत घालायला गेले
की माझ्याच दोरीवर बसून
शेपटी झटकत मला शिव्या घालते,
चिर्र चिर्र चिर्र, श्वास न घेता,
आणि पाठ वळली की
उशीच्या अभ्र्याचा दोरा उसवून नेते.
माझा थोरला मालवणात झाला, भाड्याच्या खोलीत.
घरमालकाची चप्पल जिन्यात वाजली
की मी त्याच्या तोंडावर हात धरायचे.
ही निदान ओरडते.

पुण्याच्या जोडप्याने मोबाइलवर लिहिलं:
जेवण उत्तम, तिसऱ्या अप्रतिम, मालकीण खोटारडी.
हे मोठ्याने वाचून दाखवत होते.
खोटं कुठे लिहिलंय, म्हटलं.

कोल्हापूरच्या एका मुलीला तेवढं मी खरं सांगितलं.
ती रोज सकाळी पत्र्याला कान लावून बसायची.
तळलेल्या सुरमईचा तुकडा ठेवला तिने एकदा,
खारीने ढुंकून पाहिलं नाही,
तर दिवसभर रुसली, खारीवर नाही, माझ्यावर.

मग तीन नंबरवाल्यांनी ड्रोन उडवला.
समुद्र, खाडी, मधली आमची चिंचोळी पट्टी,
सगळं एका फोटोत हवं होतं त्यांना.
घरावर ते घरघरत फिरलं पाच-सात मिनिटं.
दुपारी बाराच्या उन्हात ती बाहेर आली,
तोंडात पिल्लू, पोटाकडून धरलेलं,
तिच्या मानेभोवती मफलरसारखं वेढलेलं.
गडग्यावरून, केबलच्या वायरीवरून,
थेट मार्थाकाकीच्या माडावर.
मार्था फर्नांडिस हातात खराटा घेऊन अंगणात,
कावळ्यांना पोर्तुगीजांपासूनच्या शिव्या देत.
एक. दोन. तिसऱ्याला वायरीवर पाय घसरला,
मार्थाकाकीने खुरीस काढला छातीवर.
चार.

आणि मग ती पाचव्यांदा आली.
ढिल्या पत्र्याआड शिरली,
बराच वेळ आतच.
मोजता येत नसेल तिला.
किंवा येत असेल.
निघाली तेव्हा तोंड रिकामं होतं,
पळत नव्हती.

सीझनचे बारा दिवस उरलेत.
इर्शादला फोन करायला हवा.
काल मोबाइल हातात घेतला होता,
तेवढ्यात चादरी आठवल्या.
दोरीवर कुणी नव्हतं,
सगळ्या घड्या मुकाट्याने घालून झाल्या.

आत्ताच साताऱ्याचे चौघे आले, घामाघूम.
त्यातल्या म्हाताऱ्याने बॅग टेकवायच्या आधी विचारलं,
एसी चालतो ना?
मी म्हटलं, गॅस संपलाय.