एक मिनिट, कुणी हलू नका

मायक्रोफोनची काठी साडेतीन मीटर लांब.
वजन विचाराल तर
पहिल्या मिनिटाला पिसाइतकं,
नवव्याला भरल्या बादलीइतकं.
ती माझ्याकडे आली, कारण कामं वाटली
त्या दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे होते.

नेस्तान दिग्दर्शक, कारण दुकान तिच्या मामाचं:
कुतैसीत, रिओनीच्या पुलापाशी,
दोन खुर्च्यांचं, केस कापायचं,
महिनाअखेर कायमचं बंद होणारं.
वाझा कॅमेऱ्यामागे, कारण कॅमेरा त्याचा.
म्हणजे भावोजींचा. त्यांना ठाऊक नव्हतं.
पटकथा पाचही जणांनी लिहिली,
एक ना धड, भाराभर चिंध्या.

न्हाव्याच्या भूमिकेत ओतिया आजोबा,
बसचे निवृत्त ड्रायव्हर.
वाक्य एकच: "उद्या ये."
एकवीस वेळा म्हणाले.
"आजच ये की."
"उद्या? उद्या कुठला?"
एकदा तर थेट भिंगात बघून,
"पोरांनो, जेवलात का?"
नेस्तानने कपाळाला हात लावला.
तेवढंच काय ते खरं निघालं होतं,
पण माझी काठी चौकटीत डोकावत होती
आणि तो टेक गेला.

टेबलावरचा पाव बेसोने खाल्ला.
कथेतला पाव. दोन शॉटांच्या मध्ये, भूक लागली म्हणून.
धावत जाऊन दुसरा आणला.
त्यामुळे आमच्या सिनेमात म्हातारा पाव मोडतो,
मिश्या पुसतो,
आणि पाव पुन्हा अखंड.
शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काय सुंदर प्रतीक!
बेसो बुटांकडे बघत राहिला.
खुलासा कुणीच केला नाही.

तीन पहाटे नदीकाठी काकडलो
धुक्यातून उठणाऱ्या एका बगळ्यासाठी.
चौथ्या पहाटे तो उठला.
खातियाने एडिटिंगला बसल्या बसल्या तो उडवला.
"छान आहे. पण कशासाठी आहे?"
वाझाने दार आपटलं.
नेस्तान खातियाच्या आईवर गेली,
खातिया जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.
मग अकरा दिवस
पाच जणांच्या पाच दिशा.

त्या अकरा दिवसांत कानाला हेडफोन लावून
मी एकटीच ऐकत बसले, तेव्हा लक्षात आलं:
आम्ही शांतता घ्यायची विसरलो.
प्रत्येक खोलीची आपली एक असते,
संवाद थांबला की खाली अंथरायला लागते,
नाहीतर आवाजाला भोक पडतं.
हे काम माझं होतं. फक्त माझं.

गेले एकटी. आरसे उतरवलेले.
रेकॉर्ड करून ऐकलं,
रिकाम्या घागरीत तोंड घातल्यासारखं.
त्या खोलीला माणसांची सवय होती.
चौघांना निरोप धाडला:
बोलायचं नाहीये. नुसतं उभं राहायचंय.

आले. जाड कोट घालून,
चार कोपऱ्यांत चार.
मामाने जुना फ्रिज सुरू केला, तेव्हा होता तसा.
मी म्हटलं, एक मिनिट, कुणी हलू नका.
हेडफोनमध्ये खातियाचं चोंदलेलं नाक,
नेस्तानच्या कोटाची चेन,
बाहेर कुणीतरी गाडी मागे घेतंय.
चाळिसाव्या सेकंदाला वाझाचं पोट
केवढ्यांदा तरी गुरगुरलं.
कुणी हसलं नाही.
न हसण्याचाही आवाज होतो,
तो त्या दिवशी कळला.
साठ झाले. मी थांबा म्हटलं नाही.
नव्वद झाले, तरी नाही.

परवा कॉलेजात पडद्यावर दाखवला. सहा मिनिटं.
श्रेयनामावलीत माझं नाव चुकलंय.
पहिल्या रांगेत ओतिया आजोबा गाढ झोपलेले.
पडद्यावर मात्र ते म्हणाले, उद्या ये,
आणि त्यापुढे कुणी बोलत नाही तिथे,
नीट कान दिला तर, आम्ही पाच जण आहोत.
पोट गुरगुरलं तसा
वाझाने अंधारात कोटावर हात दाबला.
नेस्तानने त्याच्याकडे पाहिलं नाही,
फक्त पिशवीतला पाव काढून रांगेत सरकवला.
खातियाने चतकोर मोडला, पुढे दिला.
बेसोने या वेळी
तुकडाही न मोडता
वाझाच्या हाती ठेवला.