निळी बादली

मावा असतो तिळाएवढा, काळा.
चवळीच्या कोवळ्या शेंड्याला दाटून बसतो,
आणि मुंग्या त्याची राखण करतात
गुराख्यासारख्या.

बत्तीस वर्षं मी रबाळ्याला ड्रम भरले.
लेबलावर कवटी, खाली दोन हाडं.
घरी आलो की कुमुद दारातच शर्ट उतरवून घ्यायची,
निळ्या बादलीत, वेगळा.
मग लेकीला उचलायची परवानगी.

आता घणसोलीला, चौथ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये
थर्माकोलचे सहा डबे.
दोडका गावंडांच्या वाळत घालायच्या दोरीवर पोचलाय.
ते म्हणतात, काका, तुम्ही तर त्याच धंद्यातले,
एखादा जालीम फवारा सांगा.
मी सांगतो: जुना टूथब्रश,
आंबट ताक,
आणि सकाळी सहाला चष्मा.

पिठ्या ढेकूण ब्रशला कापसासारखा येतो.
अळी बोटानंच उचलावी लागते. थंड असते.

परवा एक डबा कमी पडला.
निळी बादली पुढे ओढली, माती घ्यायला वाकलो.
कुमुद आतूनच म्हणाली,
"तिच्यात नको."

पहिल्या वांग्याला भोक निघालं.
तेवढं कापून
बाकीचं तिनं भाजायला ठेवलं.