वायसर

मागच्या वर्षी शेजारीण चालत होती.
त्याआधी नर्स, त्याआधी नवी नवरी
कोपरापर्यंत हिरव्या चुड्यातली.
आता नुसतं अंग कुणी बघत नाही गं,
विमाननगरची रोझलिन म्हणाली,
या कामात माझ्याहून दोन वर्षं जुनी.
गोष्ट लाव. तुकड्यातुकड्यानं दे.
महिना संपत आला की
दाराची बेल वाजव आणि थांब.

म्हणून मी नळ लावला.
म्हणजे होताच तो, नऱ्ह्याच्या या वन आरकेत,
मोरीतला, गळका.
समोर मी, ओला गाऊन, रिंगलाइट,
मागे टिप. टिप.
कॅमेऱ्यात बघून म्हणाले,
प्लंबरला फोन केलाय, येतोच म्हणाला.

पुढचं सगळ्यांना पाठ होतं.
तीनशे बारा जणांना.

पण तो आलाच नाही.
दुसऱ्या भागात नवले पुलाखाली गाडी पंक्चर.
तिसऱ्यात बायकोला बरं नव्हतं.
पाचव्यात मी बादली ओतून आले, एवढंच,
आणि केस बांधले.
त्या रात्री एकशेचाळीस नवे आले.
कुणी लिहिलं, कपडे राहू देत, त्याचं काय झालं?
कुणी लिहिलं, टेफलॉन टेप गुंडाळून बघा ताई.
ताई!
लगेच खाली माफी, वर शंभर रुपये दंडाचे.

जालन्याचा एक जण रोज विचारायचा,
प्लंबरची बायको आता कशी आहे.
मी तिला शुगर दिली.
मग दहावीतला एक मुलगा दिला, गणितात कच्चा.
नववा भाग लिहिताना मला रडू आलं
आणि हसूही, कारण गाऊन तोच होता,
फक्त खांद्यावरून किती उतरायचा
ते आता गोष्ट ठरवायची.

शनिवारी खरा प्लंबर आला.
मालकांनी पाठवलेला, बागवानचाचा,
साठीचे, कानाला मफलर.
मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस, ओढणीसकट.
रिंगलाइट बघून म्हणाले, पार्लर का?
म्हटलं, नाही. गोष्टी सांगते.
बरं, म्हणाले,
आणि पान्यानं दोन झटके दिले.
तळहातावर रबराची काळी, झिजलेली चकती:
एवढ्यासाठी, बघा.
वीस वायसरचे, ऐंशी हाताचे.
चहा नको म्हणाले. रोजा होता.

ते गेले तेव्हा घर इतकं गप्प झालं
की वरच्यांचा मिक्सर ऐकू आला,
माझा श्वासही.

साडेदहाला अकरावा भाग.
सहाशे चार जण थांबलेत.
कडी लावली, गाऊन घातला, लाइट लावला,
आणि चौकटीबाहेर हात नेऊन
चांगला झालेला नळ
अर्धा आटा
सैल केला.