दोन मिनिटं

एकोणीस वर्षं मी बाळांचे चेहरे मोजते आहे.
एका सेकंदाचे पंचवीस तुकडे,
प्रत्येक तुकड्यात ओठ कुठे, भुवया कुठे,
नजर आईकडे की दिव्याकडे.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला पाय कधी दिसलेच नाहीत,
आमचा कॅमेरा छातीपासून वर लावलेला असतो.

प्रयोग सोपा आहे.
आई बाळाशी बोलते, हसते, मग आम्ही खूण करतो
आणि ती चेहरा बंद करते,
दुकानाची फळी लावावी तसा.
दोन मिनिटं.
बाळ आधी हसून बघतं,
ही युक्ती रोज चालते ना.
मग बोट दाखवतं. मग ओरडतं.
मग लाळेऱ्याचा कोपरा तोंडात कोंबून
भिंतीकडे बघत बसतं,
जणू पहिल्यापासून भिंतीशीच काम होतं.
तेव्हा काचेमागे मी पेन घट्ट धरते.
त्याची कुठे नोंद नसते.

आज ओउलूमध्ये उणे नऊ.
तिसऱ्या मजल्यावर ज्येष्ठ प्राध्यापकपदाची मुलाखत:
बालविकास, वय शून्य ते तीन,
पद कायम, अनुदान ज्याचं त्यानं आणायचं.
मी कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी.
पाणी प्यायचा हक्क आहे, मताचा नाही.

उमेदवार रौनी युलितालो, चोपन्न वर्षांची,
कायानीहून पहाटेच्या गाडीने आलेली.
बुटांचं बर्फ वितळून खुर्चीखाली इवलंसं तळं.
समितीला लेखी सूचना होती:
सर्व उमेदवारांना समान वागणूक द्यावी,
मान डोलावू नये, हसू नये, छान म्हणू नये.
डीन क्युल्मानेन तर सूचना नसतानाही तसेच असतात.

पाच चेहरे बंद झाले.
मी घड्याळ बघितलं. सवय.

अठराव्या सेकंदाला ती हसली.
चाळिसाव्याला पडद्यावरच्या आलेखाकडे बोट केलं,
हे बघा, इथे रेघ वळते.
कोणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण आतल्या आत.
आवाज जरा चढला.
मग तिनं चष्मा काढून स्वेटरच्या काठाने पुसला,
पुसलेलाच पुन्हा,
आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

खाली पाळणाघराच्या अंगणात बाबागाड्या,
सात, बर्फात ओळीने,
आत पोरं झोपलेली, नाकाचा शेंडा तेवढा उघडा.
इथे दुपारची झोप अशीच असते.

प्रश्न आला: तुमच्या संशोधनाचं फलित, एका वाक्यात?

ती म्हणाली,
माझ्या पहिल्या अभ्यासातली मुलं आता तेवीस वर्षांची आहेत.
गेल्या महिन्यात त्यातला एक
माझा गोठलेला नळ दुरुस्त करायला आला.
त्याने मला ओळखलं नाही, मी त्याला कानांवरून ओळखलं.
आठ महिन्यांचा होता.
दोन मिनिटं संपली, आई परत हसली,
आणि हा तिच्याकडे बघायला तयार नाही. अकरा सेकंद.
ते अकरा सेकंद मी एका तक्त्यात घातले होते.
परवा त्याला कॉफी विचारली.
नको म्हणाला. थांबला. मग म्हणाला, द्या.
हे एक वाक्य झालं नाही, माफ करा.

माझ्या भुवया वर गेल्या.
मी काही ठरवलं नव्हतं.
तिची नजर पाच जणांवरून घसरत
शेवटच्या खुर्चीवर आली आणि टेकली.
दहा तुकडे असतील, फार तर बारा.
क्युल्मानेननी कागदावर काहीतरी टिपलं,
तिच्याबद्दल की माझ्याबद्दल कोण जाणे.

निकाल मार्चमध्ये.
अजून दोन उमेदवार यायचे आहेत,
एकाचे शोधनिबंध तिच्या दुप्पट.

संध्याकाळी अंगणातून सायकल काढली.
एकच गाडी उरली होती, बाप आत हातमोजे शोधत होता.
पोर जागं होतं. रडत नव्हतं,
पापण्यांवर पांढरं दव घेऊन वर बघत होतं,
माझ्याकडे, म्हणजे टोपी आणि मफलर यांच्या मधल्या फटीकडे.
मी वाकले,
आणि एवढ्या थंडीत
मफलर हनुवटीखाली ओढला.